खुर्ची पाहून ओळखायची वाक्यं

'व्हेअर यू आर गोइंग?' हे वाक्य आपल्याकडे बसस्टॉपपासून ऑफिसपर्यंत कुठेही कानावर पडतं. ते चूक आहे, 'व्हेअर आर यू गोइंग?' असं म्हणायला हवं, हे सातवी-आठवीतला मुलगाही सांगेल. गंमत पुढेच आहे. तेच वाक्य बोलणारा माणूस थोड्या वेळाने फोनवर म्हणतो, 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही गोइंग.' इथे मात्र 'व्हेअर ही इज गोइंग' हवं होतं. म्हणजे 'आर' आणि 'इज' जिथे पुढे यायला हवेत तिथे मागे राहतात आणि जिथे मागे राहायला हवेत तिथे नेमके पुढे घुसतात. नुसता निष्काळजीपणा असता तर चुका कशाही झाल्या असत्या. या चुका इतक्या नेमाने उलटसुलट होतात, की त्यांच्यामागे काहीतरी कारण असणार.

ते कारण वाक्यांच्या प्रकारांत आहे. शाळेत हे प्रकार आपण पाठ करतो: विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी, उद्गारार्थी. मग दहावीच्या पेपरात 'डू ॲज डायरेक्टेड' या शीर्षकाखाली एका प्रकाराचं वाक्य दुसऱ्यात बदलतो, दोन-चार गुण पदरात पाडून घेतो आणि विषय संपतो. पण इंग्रजी वाक्य आपला प्रकार ऐकणाऱ्याला कळवतं तरी कसं, हे सहसा कुणी सांगत नाही. मराठी ते काम आवाजाच्या चढउतारावर आणि 'का'सारख्या इवल्याशा शब्दावर भागवते. 'तू येणार' आणि 'तू येणार?' यांत कागदावर फरक फक्त प्रश्नचिन्हाचा. इंग्रजी असं फारसं करत नाही. तिचा सगळा भर जागेवर असतो.

खुर्चीचा कारभार

'वाघाने शेळीला मारलं' हे वाक्य कसंही फिरवा. 'शेळीला मारलं वाघाने' म्हणा, नाहीतर 'मारलं शेळीला वाघाने' म्हणा, मेली ती शेळीच. 'ने' आणि 'ला' हे प्रत्यय प्रत्येकाची ओळख त्याच्या अंगावरच बांधून ठेवतात. इंग्रजीत 'द टायगर किल्ड द गोट' फिरवून 'द गोट किल्ड द टायगर' केलं, की शेळीने वाघ मारला.

सरकारी कचेरीत आपण माणसाचा चेहरा पाहत नाही, खुर्ची पाहतो. पहिल्या टेबलामागे जो बसलाय तो आवक-जावक कारकून, मग तो कालपर्यंत कुठेही असो. इंग्रजी वाक्य तसं आहे. पहिल्या खुर्चीत बसेल तो कर्ता, दुसरी क्रियापदाची, तिसरी कर्माची. इंग्रजी कायम अशी नव्हती. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय होते, त्यामुळे शब्दांना हलायला जागा होती. पुढच्या तीन-चार शतकांत ते प्रत्यय झिजत गेले. 'ही' आणि 'हिम', 'हू' आणि 'हूम' अशा जोड्यांत त्यांचे अवशेष उरले. अंगावरचे बिल्ले गेले, तेव्हा खुर्च्यांचे क्रमांक पक्के करावे लागले.

एकदा खुर्च्या पक्क्या झाल्या, की एक जास्तीची सोय हाती येते. क्रम मोडला, की तो मोडणंच काहीतरी सांगू लागतं. 'शी इज सिंगिंग' हे विधान. 'इज' कर्त्याला ओलांडून पुढे आला, की 'इज शी सिंगिंग?' हा प्रश्न. नवा शब्द आला नाही, आवाज चढवला नाही तरी चालतं, फक्त दोघांनी खुर्च्या बदलल्या. आणि बदलायच्या त्या दोघांनीच. साहाय्यक क्रियापदं कितीही असोत, उठायचं ते पहिल्याने. 'दे हॅव बीन वेटिंग' याचा प्रश्न 'हॅव दे बीन वेटिंग?' असा होतो, 'बीन' आपल्या जागेवरून हलत नाही.

उसना आणलेला कारकून

आता अडचण अशी, की 'यू नो हिम' या वाक्यात साहाय्यक क्रियापदच नाही. उठून पुढे जाणार कोण? मुख्य क्रियापद जागचं हलायला तयार नाही. मग इंग्रजी दुसऱ्या खात्यातून एक कारकून उसना आणते. त्याचं नाव 'डू'. 'डू यू नो हिम?' इथे 'डू'चा अर्थ 'करणे' वगैरे काही नाही. तो फक्त पहिली खुर्ची भरायला आलाय. 'डू म्हणजे करणे, मग या वाक्यात कोण काय करतंय?' असं एखाद्या मुलाने विचारलं, तर त्याला गप्प करू नये, कारण प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर एवढंच, की कोणीच काही करत नाहीये.

कामाला उसना असला तरी हा कारकून रिकाम्या हाताने बसत नाही. काळाचं आणि वचनाचं ओझं तो मुख्य क्रियापदाकडून स्वतःकडे घेतो. 'ही वेंट' मधला भूतकाळ 'डिड'मध्ये जातो आणि क्रियापद मूळ रूपात येतं: 'डिड ही गो?' 'शी सिंग्ज' मधला 'स' उठून 'डझ'ला चिकटतो: 'डझ शी सिंग?' म्हणून 'डिड ही वेंट?' चूक ठरतं. एकच भूतकाळ त्यात दोनदा भरला आहे. नकार द्यायचा असेल तरी हाच हजर: 'आय डोन्ट नो.' ठासून सांगायचं असेल तरी हाच: 'आय डिड लॉक द डोअर', म्हणजे मी कुलूप लावलंच होतं. उत्तर थोडक्यात द्यायचं असेल तरी पुन्हा हाच: 'येस, आय डू.' मराठीतला एक 'च' जे काम करतो, त्यासाठी इंग्रजीला अख्खा कारकून लागतो, असं म्हणायला हरकत नाही.

हा 'डू' आला कधी? चौदाव्या शतकात, चॉसरच्या काळात, मुख्य क्रियापद स्वतःच उठून पुढे जात असे. 'नो यू हिम?' अशा धर्तीचे प्रश्न तेव्हा सरळ होते. सोळाव्या शतकात 'डू'चा वापर झपाट्याने वाढला. शेक्सपिअरच्या नाटकांत, म्हणजे १६०० च्या आगेमागे, दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदताना दिसतात. अल्वार एलेगोर्ड या स्वीडिश अभ्यासकाने १९५३ साली जुन्या इंग्रजी गद्यातली हजारो वाक्यं मोजून हा प्रवास मांडला. त्याच्या मोजणीत दिसलं, की 'डू' आधी नकारार्थी प्रश्नांत स्थिरावला, मग साध्या प्रश्नांत, मग नकारार्थी विधानांत. साध्या होकारार्थी विधानातही तो काही काळ घुसू पाहत होता, पण तिथून मागे हटला. आज तिथे तो फक्त जोर देण्यापुरता उरला आहे.

हे का झालं यावर एकमत नाही. काही अभ्यासक शेजारच्या वेल्श आणि कॉर्निश भाषांकडे बोट दाखवतात. मला पटणारं कारण खुर्च्यांचंच आहे. 'डू' आणल्यामुळे 'यू नो हिम' ही तिकडी जशीच्या तशी राहते, तिच्यातला कुणीही उठत नाही. जर्मन भाषेने आपले विभक्तीचे प्रत्यय बऱ्याच प्रमाणात सांभाळले आणि तिथे क्रियापद आजही स्वतःच पुढे जातं. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकणाऱ्यांना 'केनेन झी इन?' हे वाक्य भेटतं, तेव्हा 'डू' कुठे गेला म्हणून ते शोधत बसतात. इंग्रजीतही 'बी' या क्रियापदाने जुनी सवय सोडलेली नाही. 'ही इज अ डॉक्टर' याचा प्रश्न आजही 'इज ही अ डॉक्टर?' असाच होतो.

प्रश्नाच्या पोटातला प्रश्न

आता सुरुवातीच्या कोड्याकडे वळू. 'व्हेअर', 'व्हॉट', 'व्हाय' यांचे प्रश्न दोन पायऱ्यांत तयार होतात. प्रश्नवाचक शब्द सगळ्यात पुढे येतो आणि त्याच्यामागे कर्ता आणि साहाय्यक क्रियापद खुर्च्या बदलतात. मराठीत 'तू कुठे चाललायस?' या वाक्यात कुणीच हललेलं नाही. त्यामुळे मराठी डोक्याने इंग्रजी बोलताना पहिली पायरी होते, दुसरी राहून जाते आणि 'व्हेअर यू आर गोइंग?' तयार होतं.

यात मराठी माणसालाच शरमायचं कारण नाही. हार्वर्डच्या रॉजर ब्राउन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात तीन अमेरिकन मुलांचं बोलणं महिनोन् महिने ध्वनिमुद्रित केलं. ॲडम, ईव्ह आणि सेरा या नावांनी ती मुलं भाषाशास्त्रात प्रसिद्ध आहेत. इंग्रजी ही मायबोली असलेल्या मुलांच्या बोलण्यातही एका टप्प्यावर प्रश्नवाचक शब्द पुढे येतो आणि अदलाबदल मात्र होत नाही, असं या अभ्यासातून पुढे आलं.

मग दुसरी चूक? 'आय डोन्ट नो व्हेअर ही इज गोइंग' हे वाक्य मुळात प्रश्न नाहीच. 'मला माहीत नाही' हे त्यातलं विधान आहे आणि काय माहीत नाही, ते पुढे आलं आहे. आतला प्रश्न इथे कर्माच्या खुर्चीत बसला आहे, आणि तिथे बसला म्हणजे त्याने शिस्तीत बसायचं. खुर्च्यांची अदलाबदल ही अख्ख्या वाक्याची खूण आहे, पोटातल्या तुकड्याची नाही. शाळेत आपल्याला 'व्हेअर आलं, की इज पुढे' असा नियम भरवलेला असतो. तो नियम आपण भक्तिभावाने नको तिथेही पाळतो. पहिली चूक मराठीची सवय न सुटल्याची, दुसरी इंग्रजीचा नियम जास्तच लागू झाल्याची.

एक अपवाद सांगायला हवा. 'हू ब्रोक द कप?' इथे 'डिड' नाही आणि अदलाबदलही नाही, कारण 'हू' हाच कर्ता आहे आणि तो आधीच पहिल्या खुर्चीत बसला आहे. त्याला ओलांडून जाणार कुठे? पण 'हू डिड ही सी?' म्हटलं, की 'हू' कर्म झालं, कर्ता 'ही', आणि उसना कारकून लगेच कामाला लागतो.

चौकट: एक गाणारी, पाच वाक्यं

विधान: 'शी सिंग्ज वेल.' खुर्च्या जागच्या जागी.
नकार: 'शी डझन्ट सिंग वेल.' 'डू' आला, 'स' त्याच्याकडे गेला.
प्रश्न: 'डझ शी सिंग वेल?' 'डू' कर्त्याच्या पुढे.
आज्ञा: 'सिंग वेल!' पहिली खुर्ची रिकामी.
उद्गार: 'हाउ वेल शी सिंग्ज!' 'हाउ वेल' पुढे, पण कर्ता आणि क्रियापद जागच्या जागी.

किती उंच!

चौकटीतलं शेवटचं वाक्य नीट पाहा, आणि त्याच धर्तीची ही जोडीही. 'हाउ टॉल इज ही?' म्हणजे त्याची उंची किती. 'हाउ टॉल ही इज!' म्हणजे बाप रे, काय उंच आहे! शब्द तेच तीन-चार, फक्त 'इज' आणि 'ही' यांनी जागा बदलल्या आणि विचारणं जाऊन थक्क होणं आलं. मराठीत 'किती उंच आहे तो' हे दोन्ही अर्थांनी चालतं, कोणता तो बोलणाऱ्याचा गळा सांगतो. नामाचं कौतुक करायचं असेल तर इंग्रजी 'व्हॉट अ' वापरते: 'व्हॉट अ ब्युटिफुल हाउस!' खरं सांगायचं, तर आजचे इंग्रज रोजच्या बोलण्यात 'हाउ'चा प्रकार फार वापरत नाहीत. आपल्या परीक्षांनी मात्र तो प्राणपणाने जपला आहे.

आज्ञा करायची, पण विचारून

आज्ञार्थी वाक्यात कर्ता गायब असतो, कारण समोरचाच कर्ता आहे. 'सिट डाउन.' इथेही एक खोच आहे. एरवी स्वतःच्या पायावर उभं राहणारं 'बी' नकारार्थी आज्ञेत मात्र 'डू'चा हात धरतं: 'डोन्ट बी लेट.'

मराठीत आज्ञेला पायऱ्या आहेत. बस, बसा, बसावं, बसून घ्या, बसता का जरा. कोणाला काय म्हणायचं, हे क्रियापदाच्या रूपातूनच सांभाळलं जातं. इंग्रजीत 'सिट' एकटंच. एकेकाळी तिथेही एकवचनी 'दाउ' आणि आदरार्थी 'यू' असा भेद होता. तो गेल्यावर सगळ्यांना एकच 'यू' उरलं आणि आदर दाखवायची जबाबदारी वाक्याच्या प्रकारावर येऊन पडली. म्हणून इंग्रज माणूस हुकूम प्रश्नात गुंडाळतो. 'कुड यू ओपन द विंडो?' हा तुमच्या मनगटातल्या ताकदीबद्दलचा प्रश्न नाही. 'वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?' याला 'नो' असं उत्तर दिलं, की खिडकी उघडायला उठायचं असतं, कारण 'नो' म्हणजे माझी हरकत नाही. इथे 'येस' म्हणून हसतमुखाने खिडकीकडे जाणारी आपली माणसं समोरच्याला क्षणभर गोंधळात टाकतात.

वाक्याचं रूप आणि वाक्याचं काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे लख्ख दिसतं. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत हाच धागा पकडला होता. बोलणं हे वर्णन तर असतंच, पण ती एक कृतीही असते, असं त्यांचं म्हणणं. ती व्याख्यानं त्यांच्या निधनानंतर, १९६२ मध्ये, पुस्तकरूपाने आली. जॉन सर्ल यांनी पुढे प्रश्नाच्या वेशातल्या विनंत्यांचा खास अभ्यास केला. आपल्याला उदाहरणासाठी इतक्या लांब जायचं कारण नाही. पुणेरी पाट्या आहेतच. 'येथे चपला बाहेर काढून आत येतात' हे व्याकरणाने शुद्ध विधान आहे. त्याच्याकडे विधान म्हणून पाहणारा माणूस मात्र चपलांसकट आत गेल्यावर काय होतं ते एकदाच अनुभवतो.

दहावीच्या पेपरातला 'हू डझन्ट नो सचिन?' याचं 'एव्हरीबडी नोज सचिन' करण्याचा व्यायाम नकळत हेच शिकवतो: रूप प्रश्नाचं, काम विधानाचं. फक्त तसं कुणी समजावून सांगत नाही, नाहीतर तो कंटाळवाणा राहिला नसता.

'येस' कुणाच्या बाजूने?

'डोन्ट यू वॉन्ट टी?' असं विचारल्यावर ज्याला चहा नको तो मराठी माणूस 'येस' म्हणून जातो आणि थोड्या वेळात त्याच्यापुढे कप येतो. मराठीत 'चहा नको का?' याला 'हो, नको' हे उत्तर चालून जातं. तिथला 'हो' विचारणाऱ्याच्या म्हणण्याला दुजोरा देतो. इंग्रजी 'येस' विचारणाऱ्याकडे बघतच नाही, तो फक्त पुढच्या वाक्याशी जमवून घेतो. 'येस' नंतर होकारच येणार: 'येस, आय डू.' 'नो' नंतर नकारच: 'नो, आय डोन्ट.' 'येस, आय डोन्ट' अशी जोडी इंग्रजीत बसत नाही. त्यामुळे नकारार्थी प्रश्नाला नुसतं 'येस' किंवा 'नो' म्हणून थांबू नये, साहाय्यक क्रियापदासकट उत्तर द्यावं.

वाक्याच्या शेवटी आपण जो सोयीचा 'ना' लावतो, त्याचंही इंग्रजीत असंच खटलं आहे. 'येणार ना?', 'गाते ना छान?' सगळीकडे एकच 'ना'. इंग्रजीत मात्र 'यू आर कमिंग, आरन्ट यू?', 'शी सिंग्ज वेल, डझन्ट शी?' मागच्या वाक्यातलं साहाय्यक क्रियापद घ्यायचं, नसलं तर 'डू' आणायचा, होकाराचा नकार करायचा आणि कर्त्याचं सर्वनाम मागे जोडायचं. एवढा हिशेब बोलता बोलता कोण करणार? म्हणून भारतीय इंग्रजीने 'इझन्ट इट' हे एकच शेपूट सगळ्या वाक्यांना लावून टाकलं. व्याकरणाचे मास्तर यावर रागावतात. मला तो व्यवहारी तोडगा वाटतो, फक्त परीक्षेत लिहू नये.

लांबी मोजू नका, क्रियापदं मोजा

वाक्यांची दुसरी वाटणी रचनेवरून होते: केवल, संयुक्त आणि मिश्र. इथे बहुतेकांची फसगत लांबीमुळे होते. 'आय नो ही लाइड' हे चारच शब्दांचं वाक्य मिश्र आहे, कारण त्यात काळ दाखवणारी दोन क्रियापदं आहेत आणि 'ही लाइड' हे 'नो'च्या कर्माच्या जागी बसलं आहे. 'दॅट' हा जोडशब्द गाळला म्हणून वाक्य केवल होत नाही. उलट, ज्यात स्थळ, वेळ, कारण असं सगळं ठासून भरलं आहे पण काळ दाखवणारं क्रियापद एकच आहे, ते चार ओळींचं वाक्यही केवलच.

दोन वाक्यं 'अँड', 'बट', 'ऑर' यांनी बरोबरीच्या नात्याने जोडली तर ते संयुक्त. 'बिकॉज', 'व्हेन', 'इफ', 'हू' यांनी एकाला दुसऱ्याच्या हाताखाली दिलं तर मिश्र. मराठीतून भाषांतर करताना ही मोजणी बदलते, हे लक्षात ठेवावं. 'तो घरी जाऊन जेवून झोपला' यात पूर्ण क्रियापद एकच आहे, 'जाऊन' आणि 'जेवून' ही नुसती धातुसाधितं. इंग्रजीत त्याचं सहज भाषांतर 'ही वेंट होम, एट अँड स्लेप्ट' असं तीन क्रियापदांचं होतं. 'काल आलेला मुलगा माझा मावसभाऊ' हे मराठीत सुटसुटीत केवल वाक्य, इंग्रजीत मात्र 'द बॉय हू केम येस्टरडे इज माय कझिन' असं मिश्र.

या 'हू'च्या आधी स्वल्पविराम आहे की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असतं. 'माय ब्रदर हू लिव्हज इन नागपूर इज अ डॉक्टर' असं स्वल्पविरामाशिवाय लिहिलं, तर मला भाऊ एकाहून जास्त आहेत आणि त्यातला नागपूरचा डॉक्टर आहे. 'माय ब्रदर' नंतर आणि 'नागपूर' नंतर स्वल्पविराम दिला, की भाऊ एकच, तो डॉक्टर आहे आणि जाता जाता सांगतो, नागपुरात राहतो. बोलताना हा फरक थांबण्यातून कळतो, कागदावर त्या दोन चिन्हांशिवाय दुसरी खूण नाही. पत्रात चुकलं तर फार बिघडत नाही. इंग्रजीत मृत्युपत्र करून 'पुण्यात राहणाऱ्या माझ्या मुलीला' घर द्यायचं असेल, तर मात्र वकिलाकडून ते स्वल्पविराम एकदा तपासून घ्यावेत.